सातवरून पाच, पण दोरी अजून उंचच

पत्र:

नमस्कार मॅडम,

मी सोलापुरात विडी घरकुलला राहते, वय ४३. घरीच मशीनवर शाळेचे गणवेश शिवते, नगावर पैसे. मे महिन्यात ऑर्डर जोरात होती, तेव्हा मान धरली ती धरलीच. उजव्या खांद्यापर्यंत दुखायलंय. हाताला मुंग्या वगैरे नाहीत. एक्स-रे काढला, डॉक्टर म्हणाले वयाप्रमाणे झीज आहे, घाबरू नका, फिजिओथेरपी करा. आतापर्यंत बारा वेळा जाऊन आले. एका वेळचे ३०० रुपये, रिक्षा वेगळी. तिथली मुलगी दर वेळी विचारते, "मावशी, शून्य ते दहामध्ये आज किती?" पहिल्या दिवशी सात सांगितलं होतं. परवा पाच सांगितलं. ती खूश झाली, फाइलमध्ये 'सुधारणा' असं लिहिलं. आमचे हे म्हणतात, दोन आकड्यांसाठी चार हजार घातले. खरं सांगू का, पाच म्हणाले ते थोडं तिच्याकडे बघून. पोरगी एवढं मन लावून करते, तिला सात कसं सांगायचं? दोरीवर कपडे वाळत घालायला मी अजून मुलीलाच हाक मारते. मला बरं वाटतंय का नाही, तेच मला कळेना झालंय. पुढे जाऊ का बंद करू? आणि हे दोन आकडे म्हणजे खरंच काही असतं का?

एक शिवणकाम करणारी

उत्तर:

ताई,

तुमचं पत्र वाचून आधी मी जरा ओशाळले. फिजिओथेरपिस्ट म्हणून तीस वर्षं मी लोकांना हाच प्रश्न विचारला, "आज किती?" समोरचा माणूस मानेकडे बघून उत्तर देतोय की माझ्या तोंडाकडे बघून, हे तपासायचं कितीतरी वेळा राहून गेलं असणार. आपल्याकडे तर पाहुण्याला वाढलेली भाजी खारट असली तरी "छान झालीय" म्हणायची रीत. दुखण्याचा आकडा त्या रितीतून कसा सुटेल?

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. दोन आकडे म्हणजे खरंच काही असतं. पण तुमचे हे दोन आकडे अजून कच्चे आहेत. त्यामुळे आजच बंद करू नका, आणि चाललंय तसंच चालूही ठेवू नका. चार आठवडे नीट मोजा आणि मग ठरवा. कसं मोजायचं ते खाली सांगते, पण त्याआधी तुमच्याच धंद्यातली एक गोष्ट.

शाळेत मापं घ्यायला जाता तेव्हा पोरगं छाती फुगवून उभं राहतं. टेप लावली, अठ्ठावीस. "श्वास सोड रे" म्हटलं, साडेसत्तावीस. तेवढ्या वेळात पोरगं काही बारीक झालेलं नसतं. त्यात टेप जुनी, टोकाची पत्र्याची टोपी कधीच निघालेली, म्हणून तुम्ही पहिला इंच सोडून एकपासून धरता आणि घाईत कधी तो वजा करायचं विसरता. आता गेल्या वर्षीच्या वहीत याच पोराची छाती साडेसत्तावीस लिहिलेली असेल आणि यंदा अठ्ठावीस आली, तर पोरगं वाढलं म्हणायचं का? तुम्ही म्हणणार नाही. अर्धा इंच श्वासाचा असू शकतो, एखादा इंच टेपचा. दोन इंच फरक आला की मग तुम्ही वहीत खूण करता.

दुखण्याच्या आकड्यालाही असाच श्वास असतो. मान आहे तशीच असताना एकाच बाईला आज आणि दोन दिवसांनी विचारलं तर आकडा हलतो. रात्री झोप झाली का, सकाळी गोळी घेतली होती का, रिक्षा खड्ड्यातून आली का, घरातून भांडून निघालात का, सगळं त्यात उतरतं. २००८ साली अमेरिकेत मानेच्या साध्या, म्हणजे मज्जातंतू न दाबलेल्या दुखण्याच्या १३७ रुग्णांवर हे मोजून पाहिलं होतं. साधारण २.१ इतका फरक नुसता मोजमापाच्या हलण्यातून येऊ शकतो, असं निघालं. त्याच अभ्यासात आणखी एक गंमत आहे. ज्या रुग्णांनी "मला फरक पडला" असं सांगितलं, त्यांच्यासाठी हद्द निघाली १.३. म्हणजे माणसाला जाणवायला सव्वा आकडा पुरतो, पण एका माणसाच्या कागदावर तो खरा धरायचा तर दोनाच्या वर जायला हवं. शेकडो लोकांची सरासरी काढली की हे हलणं एकमेकांत जिरून जातं. तुमची सरासरी कोण काढणार? तुम्ही एकट्याच.

याच कामातला दुसरा एक आकडा डॉक्टर लोक फार वापरतात. २००१ साली दहा औषध-चाचण्यांमधल्या २७०० हून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा दिसलं की शून्य ते दहाच्या पट्टीवर दोन आकडे किंवा सुमारे ३० टक्के घट झाली की लोक स्वतःहून "बरंच बरं वाटतं" म्हणतात. ते रुग्ण मधुमेहाच्या नसांचे, नागिणीनंतरच्या वेदनेचे, कंबरेचे, गुडघ्याचे होते, मानेचे नव्हते. पण अंदाजाला तो आकडा चालतो. तुमचा हिशेब केला तर सातवरून पाच म्हणजे दोन आकडे पूर्ण, आणि टक्क्यात २९ ला जरा कमी. अगदी उंबरठ्यावर. त्यात पाचातला अर्धा-एक त्या पोरीच्या मायेपोटी दिलेला. म्हणून मी कच्चा म्हटलं.

 

आता तुमच्या यजमानांकडे येते. त्यांच्यावर रागावू नका, त्यांचा प्रश्न शास्त्रात बसणारा आहे. "रुग्णाला अर्थपूर्ण वाटेल असा किमान फरक" ही कल्पना १९८९ साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या गॉर्डन गयाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नीट मांडली, तीही मानेसाठी नाही, दम्यासारख्या छातीच्या आणि हृदयाच्या जुन्या दुखण्यांसाठी. त्या व्याख्येत दोन गोष्टी आहेत. फरक रुग्णाला स्वतःला फायद्याचा वाटला पाहिजे. आणि तो एवढा असला पाहिजे की फार त्रास किंवा अवाजवी खर्च नसेल तर त्याच्यासाठी उपचार बदलावासा वाटेल. खर्च तिथे व्याख्येतच बसवलेला आहे! पुढे लोकांनी हद्दीचा आकडा तेवढा उचलला आणि खर्चाचं शेपूट कापून टाकलं.

ज्या बाईला उपचार फुकट मिळतो आणि दवाखाना घराच्या खाली आहे, तिला एक आकडा कमी झाला तरी पुरे. तुमचं तसं नाही. ३०० रुपये, रिक्षा, आणि वर जाण्या-येण्यात बंद राहिलेलं मशीन. त्या अर्ध्या दिवसात किती शर्ट निघाले असते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तुमची हद्द कुठल्याही अमेरिकन अभ्यासापेक्षा वर असणार आणि ती तुम्हीच ठरवायची. मी तर म्हणते ती पहिल्या दिवशीच ठरवायला हवी होती: "एवढं एवढं करता आलं तर हे पैसे वसूल." नंतर ठरवायला बसलं की आपण झालेल्या खर्चाला शोभेल असा आकडा शोधतो. त्या पोरीने पहिल्या दिवशी तुम्हाला हे विचारलं नाही. तीस वर्षांत मीही फार कमी वेळा विचारलं.

एक गोष्ट तुमच्या पत्रात दडलेली आहे, तुमच्या लक्षात आली असेल-नसेल. मान धरली मेमध्ये. सोलापुरात गणवेशाचा मे म्हणजे काय असतं, हे सांगायला नको. पंख्याखालीसुद्धा घाम, दुपारचं डोकं तापवणारं ऊन, आणि शाळा जूनच्या मध्यावर उघडायच्या आत माल गेला पाहिजे. आता ती घाई सरली. मशीनवरचे तास कमी झाले असतील तर मान थोडी उतरणारच होती, फिजिओथेरपी केली असती तरी आणि नसती तरी. शिवाय आपण दवाखान्यात जातो ते दुखणं ऐन भरात असताना. भरतीनंतर ओहोटी आपोआप येते आणि श्रेय त्या आठवड्यात जे काही चालू असेल त्याला मिळतं, मग तो मलम असो, मालिश असो की सिद्धेश्वराला बोललेला नवस. तुमच्या फिजिओथेरपीचा उपयोग झाला नाही असं मी म्हणत नाही. एका माणसाच्या बाबतीत हे दोन वेगळे करणं कुणालाच जमत नाही, पण तास लिहून ठेवले तर थोडा उजेड पडतो.

याची उलटी बाजू मी एका यंत्रमाग कामगाराकडून शिकले. सात-आठ आठवडे तो माझ्याकडे यायचा. दर वेळी "आठ". मीच वैतागले, वाटलं, आपलं काही चालत नाही इथे. एक दिवस तो निघाल्यावर खिडकीतून बघते तर गडी सायकलवर टांग टाकून चाललाय, आणि गल्लीच्या तोंडाशी मान मागे वळवून येणारी एसटी बघून घेतो. पहिल्यांदा आला होता तेव्हा मुलाच्या गाडीवर मागे बसून, रस्ता ओलांडायला सगळं अंग वळवत. पुढच्या वेळी विचारलं तर म्हणाला, "दुखतंय तेवढंच की बाई. पण आता सहा माग सांभाळतो. आधी दोनवर आलो होतो." दोन मागांवर आठ आणि सहा मागांवर आठ, माझ्या फाइलमध्ये दोन्ही एकाच रांगेत बसलेले.

आणि याच्या नेमकी उलट एक आजी. आकडा आठवरून तीनवर. मी फाइलवर मोठ्या कौतुकाने लिहिलं. नंतर सून बरोबर आली तेव्हा कळलं की आजींनी भाकरी थापणं सोडलं, पाणी भरणं सोडलं, देवळात जाणं सोडलं. काहीच केलं नाही तर दुखणार कशाला?

म्हणून तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते वाक्य दोरीचं. पाच आणि सातपेक्षा तेच खरं मोजमाप आहे, फक्त तुम्ही ते मोजमाप म्हणून धरलं नाही, रडगाणं म्हणून लिहिलं.

मानेसाठी एक तयार प्रश्नावलीही आहे, 'नेक डिसॅबिलिटी इंडेक्स' नावाची, १९९१ सालची. दहा प्रश्न, प्रत्येकी शून्य ते पाच, एकूण ५०. आकडा जितका जास्त तितका त्रास जास्त. झोप, डोकेदुखी, ओझं उचलणं, वाचन, काम, गाडी चालवणं असं विचारते. चांगली आहे, जगभर वापरतात. पण किती गुण कमी झाले म्हणजे खरा फरक, यावर अभ्यासांची उत्तरं साडेतीनपासून साडेनऊपर्यंत पसरलेली आहेत. आणि तुम्ही ना गाडी चालवता, ना तासभर पुस्तक घेऊन बसता. तिच्यात तुमचं मशीन नाही, दोरी नाही.

तुमच्यासाठी त्यापेक्षा साधी एक पद्धत आहे, १९९५ पासून फिजिओथेरपीत वापरात असलेली. रुग्णाने स्वतःच तीन ते पाच कामं सांगायची, जी या दुखण्यामुळे अडली आहेत. प्रत्येक कामाला आकडा द्यायचा: शून्य म्हणजे अजिबात जमत नाही, दहा म्हणजे दुखण्याआधी जमायचं तसं. इथे पट्टी उलटी आहे बरं का, आकडा वाढला की चांगलं. तीन कामांची सरासरी दोनने वाढली तर फरक खरा धरायचा. एकट्या एका कामावरून ठरवायचं असेल तर आकडा तीनने वाढायला हवा.

तुमची तीन कामं मी पत्रावरून सुचवते, बदलायची तर बदला. दोरीवर कपडे घालणं, चादरीसकट; ओली सोलापुरी चादर किती जड होते ते तुम्हालाच ठाऊक. न उठता एक तास मशीन मारणं. तिसरं तुम्ही लिहा, पण नेमकं लिहा. 'घरकाम' असं लिहू नका. 'वरच्या फळीवरचा पिठाचा डबा काढणं' असं लिहा.

आता वही. मापांच्या वहीची शेवटची पानं चालतील. पहिले सात दिवस आणि मग चौथ्या आठवड्यातले सात दिवस, एवढंच लिहायचं. रोज महिनाभर लिहीत बसलात तर लक्ष सारखं मानेतच राहील आणि ते बरं नाही. रात्री भांडी आवरल्यावर, ठरलेल्या वेळी, दोन आकडे: आज दिवसभर सरासरी किती दुखलं, आणि सगळ्यात जास्त दुखलं तेव्हा किती. शेजारी दोन गोष्टी: मशीनवर किती तास बसलात, आणि दुखण्याची गोळी किती घेतलीत. त्या तीन कामांचे आकडे आठवड्याच्या शेवटी एकदाच. चौथ्या आठवड्यात लिहिताना पहिलं पान उलटून बघायचं नाही. बघितलं की हात आपोआप त्याच्यापेक्षा एक कमी लिहितो.

सात दिवसांची सरासरी काढली की आकड्याचं ते हलणं बरंच शांत होतं. मग बघा. रोजची सरासरी दोनने उतरली, कामं दोनने चढली, गोळ्या आणि तास तेवढेच किंवा तास वाढलेले, तर तुमचे पैसे कामाला लागले. दुखणं तेवढंच पण कामं वाढली, तर माझ्या मते तेही यश, त्या सायकलवाल्यासारखं. दुखणं उतरलं पण तासही निम्मे झाले, तर ती ओहोटी असू शकते. दोन्ही जागेवर, तर चौथ्या आठवड्याच्या शेवटी थांबा आणि उपचार बदलायचं बोला.

"सुरुवातीपेक्षा आता कसं वाटतं?" हा प्रश्नही दवाखान्यात विचारतील, सगळेच विचारतात. त्यावर फार विसंबू नका. तीन महिन्यांपूर्वीची मान कुणालाच नीट आठवत नाही. आजचा दिवस बरा असेल तर तेव्हाचं दुखणं मोठं वाटतं, आजचा वाईट असेल तर सगळंच फुकट गेल्यासारखं. गमतीचा भाग असा की १.३ सारख्या हद्दी ठरवतात त्याही असल्याच आठवणीच्या प्रश्नावर, रुग्णाला पंधरा पायऱ्यांची शिडी दाखवून.

इथे मोजणं बाजूला ठेवायचं असे काही प्रसंग सांगते, ते तुमच्याबरोबर घरातल्यांनाही वाचून दाखवा. हातातून कात्री निसटायला लागली, सुईत दोरा ओवता येईना, ब्लाउजची हुकं लावताना बोटं अडखळू लागली, चालताना तोल जाऊ लागला, लघवी-शौचावरचा ताबा गेला, ताप किंवा कारण नसताना वजन उतरू लागलं, पडल्या-धडकल्यानंतर मान दुखू लागली, तर वही मिटा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा, सिव्हिलला गेलात तरी चालेल. मानेबरोबर छातीत दाब, घाम आणि डावा हात भरून येणं असेल तर तो मानेचा विषयच नाही, थेट तातडीच्या विभागात जा.

मशीनचंही एक सांगते. बहुतेक घरांत मी बघते, प्लॅस्टिकची खुर्ची आणि तिच्यावर चादरीची घडी. खुर्ची उंच झाली, टेबल तिथेच, म्हणजे मान आणखी खाली. टेबलाची मागची बाजू थोडी उचलून ते आपल्याकडे उतरतं केलं तर मान कमी वाकवावी लागते, हे शिलाई कामगारांवर तपासलेलं आहे. मात्र मोटर आणि पट्टा असलेल्या मशीनला स्वतः हात घालू नका, मेकॅनिककडून करून घ्या. त्याचे पैसे एका वेळच्या फिजिओइतकेच होतील आणि ते मला तुमच्या पुढच्या चार खेपांपेक्षा जास्त भरवशाचे वाटतात. हे माझं मत.

राहिली ती पोरगी. पुढच्या वेळी ती "मावशी, आज किती?" म्हणेल तेव्हा सांगा, "बाई, परवा पाच म्हटलं ते तुझ्याकडे बघून. खरं सहाच्या पुढे होतं. आणि अजून चादर दोरीवर जात नाही." ती नाराज होईल ही तुमची भीती मला कळते. पण मी त्या खुर्चीवर बसले आहे. पाच ऐकून ती तेच व्यायाम पुढे चालू ठेवणार, कारण तिच्या फाइलप्रमाणे ते लागू पडतायत. दोरीचं ऐकलं तर ती उठेल, तुमचा हात वर करून बघेल, खांदा कुठे अडतो ते शोधेल. बहुधा तुम्हाला एखादी ओली चादरसुद्धा पिशवीत घालून आणायला सांगेल. तर ती आणा.